कवीपुढचा वर्ग

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पेण शहराला लागून, रामवाडी आहे, आणि एस.टी.च्या रायगड विभागाची कचेरी तेथे असल्यामुळे जिल्ह्यातील पुष्कळ प्रवाशांच्या कानांवरून तिचे नाव गेलेले असते. पश्चिमेला खाडी, खारी जमीन आणि मिठागरे, तर पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारा मुलूख, अशी या भागाची ठेवण आहे. पूर्वेकडे खोपोलीच्या वाटेला लागले म्हणजे पेण तालुक्यातीलच गागोदे बुद्रुक हे गाव येते. हा जिल्हा जेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता (रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले), त्या काळी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, शंभूराव भावे यांच्या घरात त्यांचा नातू विनायक जन्मला. पुढे महाराष्ट्राने त्याला विनोबा म्हटले, देशाने आचार्य म्हटले, आणि भूदानाच्या पदयात्रेनंतर जगाने संत म्हटले. या तिन्ही उपाध्यांच्या दाटीत त्याच्याविषयीची एक साधी गोष्ट मागे पडली: तो कवी होता, आणि त्याची टिकलेली कविता त्याच्या शिक्षकपणातून निघाली.

मराठी कवितेच्या इतिहासात शिक्षकांची संख्या एवढी मोठी आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. कवीचे चरित्र लिहिताना 'अमुक शाळेत काही वर्षे अध्यापन केले' हे वाक्य जन्मतिथीच्या आणि मृत्युतिथीच्या मधे कोठे तरी टाकून चरित्रकार पुढे सरकतो. जणू ती केवळ उदरनिर्वाहाची तजवीज होती, आणि खरी कविता शाळा सुटल्यावर, दिव्याच्या उजेडात, त्या दिवसाशी संबंध नसलेल्या मनाने लिहिली गेली. हे मला मान्य नाही. ज्या माणसाला दिवसाचे पाच-सहा तास कोवळ्या वयाच्या मुलांसमोर उभे राहून दुसऱ्यांची कविता मोठ्याने वाचावी लागते, तिचा अन्वय लावून दाखवावा लागतो, आणि तीच कविता पुढील वर्षी नव्या चेहऱ्यांपुढे पुन्हा उलगडावी लागते, त्याचे वाचन आणि लेखन दोन्ही त्या कामाने घडल्याशिवाय राहत नाही. ते कसे घडते हे पाहण्यासाठी गागोद्याच्या या मुलाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पण त्याच्यापर्यंत येण्यापूर्वी, त्याच्या जन्माआधी या मुलखात कविता शिकविण्याचा शिरस्ता काय होता हे थोडे पाहिले पाहिजे.

इंग्रजी अमलाच्या आरंभी कोकणातील गावोगाव ज्या शाळा होत्या त्या पंतोजींच्या. ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत मुले जमत, धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, मोडीचे वळण घोटीत, आणि संध्याकाळी परवचा म्हणत. पंतोजींना मोबदला धान्याच्या किंवा थोड्याशा रोकड्याच्या रूपाने मिळे. या शिक्षणात कविता हा स्वतंत्र विषय नव्हता, तरीही ते कवितेने भरलेले होते. रामदासांचे मनाचे श्लोक, दोनशे पाचही, एकाच भुजंगप्रयाताच्या चालीत मुलाच्या जिभेवर बसत. पंगतीत श्लोक म्हणण्याची चाल होती, आणि ज्याला श्लोक येत नसे त्या मुलाची मान खाली जाई. घरी आजीच्या तोंडी ओव्या, पहाटे भूपाळ्या, देवळात कीर्तन. कविता डोळ्यांनी वाचण्याची गोष्ट व्हायची होती. ती संथा घेऊन कंठात ठेवण्याची वस्तू होती. या पद्धतीत अर्थाची हेळसांड होत असे हे खरे, आणि नंतरच्या शिक्षणशास्त्रज्ञांनी तिच्यावर घेतलेले आक्षेप रास्तच होते. पण कवितेची पहिली कसोटी तोंडात घोळण्याची आहे, हा संस्कार त्या पद्धतीने मराठी मुलांवर इतका खोल केला की पुढे छापील पुस्तके आली तरी तो पुसला गेला नाही.

छापील पुस्तकांत १८५४ साली निघालेल्या परशुरामतात्या गोडबोले यांच्या 'नवनीता'चा वाटा सर्वांत मोठा. मुक्तेश्वर, वामन, श्रीधर, मोरोपंत यांच्या काव्यांतील वेचे निवडून तात्यांनी ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले, आणि पुढील दोन-तीन पिढ्यांना जुनी मराठी कविता म्हणजे काय हे या एका ग्रंथाने ठरवून दिले. निवड करणाऱ्याचा अधिकार केवढा मोठा असतो याचा हा मराठीतील पहिला ठळक दाखला होय. ज्याचा वेचा घेतला तो कवी शाळेत गेला, आणि जो शाळेत गेला तो घराघरांत गेला. सरकारी विद्याखात्याच्या शाळा वाढल्या, ट्रेनिंग कॉलेजांतून शिक्षक बाहेर पडू लागले, हजेरीपट, तपासणी, डिपुटीची भेट, बढती-बदलीचे अर्ज हा सगळा सरंजाम उभा राहिला, आणि याच सरंजामात मराठी कवीला प्रथमच एक ठरावीक, जरी तुटपुंजी, उपजीविका मिळाली. दरबार गेले होते, मठांचा आश्रय क्षीण झाला होता, शाळा राहिली.

केशवसुत या व्यवस्थेतले पहिले मोठे कवी. मालगुंडला १८६६ साली जन्मलेले कृष्णाजी केशव दामले मॅट्रिक झाले ते १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. मग मुंबईत निरनिराळ्या शाळांतून शिकविणे, प्लेगामुळे मुंबई सोडून खानदेशात भडगावची शाळा, पुढे फैजपूरची, आणि शेवटी १९०४ साली धारवाड येथे मराठीचे शिक्षक. १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीस प्लेगानेच त्यांना गाठले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरिभाऊ आपट्यांनी तो काढला १९१७ साली. त्यांच्या कवितेत वर्ग, फळा, विद्यार्थी असे फारसे काही दिसत नाही, म्हणून शिक्षकपणाचा त्यांच्यावर परिणाम नाही असे म्हणावे काय? माझ्या मते परिणाम आहे, पण तो विषयात शोधू नये. जुन्या अक्षरगणवृत्तांचे गण मुलांना पाडून दाखविणारा हा माणूस स्वतःच्या कवितेत त्या वृत्तांशी झगडत होता, इंग्रजी सुनीताची घडण मराठीत आणीत होता, आणि एका बाजूने 'नवनीता'तील पंडिती परंपरा व दुसऱ्या बाजूने इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील कविता, अशा दोन वाचनांच्या मधे उभा होता. हे दोन्ही ग्रंथ एकाच टेबलावर ठेवणारी त्या काळातील जागा म्हणजे शाळा. त्यांचे बंधू मोरो केशव हेही अध्यापकच. १९११ साली निघालेले त्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आजही अभ्यासकांना चाळावे लागते. एका घरातील दोघे भाऊ, दोघेही शिकविणारे, एकाने भाषेचे नियम बांधले आणि दुसऱ्याने तिला नवी वाट दिली, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

आता गागोद्याकडे वळू. विनायक वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत तेथे आजोबांजवळ वाढला. शंभूरावांची पूजा, त्यांची व्रते, आणि पूजेच्या वेळी देवाच्या मूर्तीवर येऊन बसलेल्या विंचवाला, तो देवाला शरण आला आहे म्हणून, कुणी मारू नये ही त्यांनी दिलेली ताकीद, या आठवणी विनोबांनी आयुष्यभर सांगितल्या. आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडील. कामे करता करता कानडी व मराठी भजने म्हणणाऱ्या. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास होते, म्हणून पुढे सारे कुटुंब बडोद्यास गेले, आणि तेथेच गीतेची ती प्रसिद्ध गोष्ट घडली. आईला गीता मराठीतून वाचावीशी वाटली. मुलाने आणून दिलेले गद्य भाषांतर तिला रुचले नाही. वामन पंडितांची समश्लोकी आणली तर ती कठीण पडली. आणि याहून सोपे काही नाही असे मुलाने सांगताच, मग तूच का करीत नाहीस, असे तिने सहज विचारले. १९१८ साली ती वारली, तेव्हा तिची ही मागणी पुरी झालेली नव्हती.

त्या दिवसांत विनोबा कविता लिहीत नव्हते असे नाही. पुष्कळ लिहीत. एकेका कवितेवर ते तासन् तास, कधी काही दिवस, घालवीत; ती मनासारखी उतरली म्हणजे अग्नीला अर्पण करीत. काशीला गेल्यावर अग्नीच्या जागी गंगा आली. २५ मार्च १९१६ रोजी घर सोडण्याच्या सुमारास परीक्षांची प्रमाणपत्रेही त्यांनी आईसमोर चुलीत घातली होती, तेव्हा या जाळण्यात वैराग्याचा एक आवेश होता हे उघड आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या कवितेचा वाचक स्वतः कवीच आहे, ती कवीच्या समाधानाबरोबर संपते. तिला पुढे कोठे जायचे नसते, आणि जायचे नसल्यामुळे ती जपून ठेवण्याचे कारणही नसते. तरुण विनोबांच्या कविता कशा होत्या हे सांगायला आज एकही ओळ शिल्लक नाही. त्या वाईट होत्या असे म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही. त्यांना समोर बसलेले कुणी नव्हते, एवढेच म्हणता येते.

समोर बसणारे मिळाले ते हळूहळू. काशीत असताना एका लहानशा खासगी शाळेत ते महिना दोन रुपयांवर इंग्रजी शिकवीत. गरज तेवढीच होती, म्हणून मागणेही तेवढेच. ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादेस गांधीजींना भेटले, आणि आश्रमाच्या शाळेत शिकवू लागले. पुढच्या वर्षी रजा घेऊन ते वाईला गेले. नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचा अभ्यास केला, आणि त्याच काळात स्वतः गीतेचा वर्ग चालविला, मोजक्या विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरी व उपनिषदे सांगितली, आणि पुढे तर्कतीर्थ म्हणून नावारूपास आलेल्या तरुण लक्ष्मणशास्त्री जोशांना इंग्रजीचे धडे दिले. विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढून, घरोघरचे दळण दळून मिळालेल्या मजुरीतून त्यांनी वाचनालयासाठी पुस्तके जमविली. सधन घरांतील मुलेही जात्याशी बसली. सकाळी शिष्य आणि दुपारी शिक्षक, अशी ही दुहेरी दिनचर्या ज्याने अनुभवली आहे त्याला तिचे मोल ठाऊक असते. शास्त्रीबुवांकडून घेतलेले भाष्य चार तासांनी मुलांना सांगायचे असेल तर ते ऐकतानाच मनात मराठी होऊ लागते. 'हे मला समजले काय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे त्यांना कसे सांगू?' हा पुढे येतो. दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याचीही झडती होते, कारण सांगताना जेथे जीभ अडखळते तेथे समजुतीतच भोक असते.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आले आणि तेथील आश्रमाची जबाबदारी त्यांच्यावर पडली. सूत कातणे, शेत, स्वयंपाक आणि अध्यापन हे तेथे वेगवेगळे खातेवार कप्पे नव्हते. १९२३ साली त्यांनी 'महाराष्ट्र-धर्म' हे पत्र सुरू केले. उपनिषदांवरील आणि तुकोबांच्या अभंगांवरील त्यांचे लेखन त्यात आले, आणि पुढे 'मधुकर' या संग्रहात आलेले निबंधही याच काळच्या लेखणीचे. हे निबंध वाचताना वाक्याची आटोपशीर बांधणी डोळ्यांत भरते: कर्ता दूर पळत नाही, क्रियापद वाचकाला ताटकळत ठेवीत नाही, आणि दृष्टांत नेमका जेथे हवा तेथे येऊन उभा राहतो. समोरची मुले केव्हा कंटाळतात हे ज्याने हजारदा पाहिले आहे त्याच्या हाताला ही काटकसर आपोआप येते.

आईची मागणी पुरी करण्यास विनोबा बसले ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीतेचे सातशे श्लोक मराठीत, श्लोकास श्लोक, उतरून झाले. चार महिन्यांचा हा हिशेब फसवा आहे, कारण त्यामागे सुमारे पंधरा वर्षांचे शिकवणे होते. आणि त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: हस्तलिखित थेट छापखान्यात न देता ते आश्रमातील शिकणाऱ्यांपुढे ठेवले गेले, त्यांना शिकविले गेले, आणि जेथे त्यांना अडले तेथे शब्द बदलले गेले. सातशे श्लोकांच्या काव्याची ही तपासणी अशा मुलांनी केली ज्यांना आपण काही तपासत आहोत याची कल्पनाही नसावी. मूल हे टीकाकारासारखे आक्षेप लिहून देत नाही. ते नुसते एका शब्दापाशी थांबते, किंवा तो गाळून पुढे जाते, किंवा त्याच्या जागी ओळखीचा शब्द घालून मोकळे होते. या तिन्ही खुणा ज्याला वाचता येतात त्या कवीला दुसऱ्या संशोधकाची गरज फारशी उरत नाही. वामन पंडित विद्वान होते, यमकांचे सम्राट होते, आणि त्यांची समश्लोकी एका जाणत्या सभेसाठी होती. विनोबांच्या डोळ्यांसमोर एक जुजबी अक्षरओळख असलेली बाई होती, जी आता हयात नव्हती, आणि तिच्या जागी आश्रमातील शिकणारी मुले होती. अनुष्टुभाची आठ-आठ अक्षरांची पावले त्यांनी राखली, पण मराठीला तिच्या स्वभावाप्रमाणे चालू दिले. संस्कृताची जी पदे मराठी घरांत रुळलेली होती ती ठेवली, जी परकी होती त्यांना निरोप दिला. पुढे धाकटे बंधू शिवाजी भावे यांच्या साहाय्याने गीताईचा शब्दार्थकोशही सिद्ध झाला. स्वतःच्या काव्याचा शब्दकोश रचण्याचे काम कवी सहसा करीत नाही, शिक्षक करतो.

गीताई छापून निघाली १९३२ साली, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी तेथे अठरा प्रवचने दिली. श्रोते राजबंदी होते, वयाने मोठे, पण बोलण्याची रीत वर्गाचीच राहिली. दहाव्या अध्यायातील विभूतींचा विषय त्यांनी कसा मांडला ते पाहावे. लहान मुलांना आरंभी मोठी, ठळक अक्षरे शिकवितात आणि मग तीच लहान करून दाखवितात. आधी साधी अक्षरे येतात, जोडाक्षरे नंतर. ईश्वर ओळखण्याचा क्रमही त्यांनी हाच सांगितला: आई, गुरू, संत, सूर्य, नदी ही ठळक आणि सोपी अक्षरे, राम सोपा, रावण म्हणजे जोडाक्षर, तेव्हा त्याची ओळख मागाहून. हा दृष्टांत पोथीतून निघणारा नव्हे. पाटीवर मुलाच्या हाताला धरून ज्याने अक्षर गिरवून घेतले आहे त्यालाच तो सुचावा. अध्यापनाच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या युक्तीचे येथे तत्त्वज्ञान झाले आहे, आणि मराठी गद्यात असे स्थळ मला दुसरे आठवत नाही.

ही प्रवचने लिहून घेणारा हातही शिक्षकाचाच होता. पांडुरंग सदाशिव साने, जन्म १८९९, गाव पालगड. १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि तेथील छात्रालयाचे चालक. छात्रालयातील मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. रोज काढावयाचे, हाताने लिहावयाचे, आणि वाचक कोण तर पन्नास पावलांवर झोपणारी, आईची आठवण काढणारी, आजारी पडणारी मुले! लेखकाच्या घडणीला याहून कठोर आणि याहून प्रेमळ शाळा कोणती असणार? १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा तिची प्रकरणे 'रात्र' या नावाने पडली, कारण ती रात्री प्रार्थनेनंतर जमलेल्यांना सांगावयाच्या गोष्टींच्या रूपातच त्यांच्या मनात होती. ऐकणाऱ्याचा श्वास त्या पुस्तकाच्या वाक्यावाक्यात आहे.

तथापि साने गुरुजींच्या कवितेविषयी मला इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. 'पत्री' १९३५ साली निघाली, सरकारने ती जप्तही केली, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात तिने जे काम केले त्याचे मोल कुणी कमी करू नये. पण त्या संग्रहात उपदेशाचा स्वर पुष्कळदा कवितेच्या पुढे धावतो. शिक्षकपणाचा हा दुसरा परिणाम आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वर्गात गोंधळ नको म्हणून शिक्षक निष्कर्ष सांगून टाकतो; घंटा वाजण्यापूर्वी धडा पुरा झाला पाहिजे, ही सवय कवितेत शिरली की कविता वाचकासाठी काही शिल्लक ठेवीत नाही. क्रमिक पुस्तकांसाठी मागणीवरून लिहिलेली बोधपर पद्ये मराठीत ढिगांनी आहेत. त्यांत सकाळी उठावे, खरे बोलावे, देशावर प्रेम करावे असे सगळे आहे, आणि कवी तेवढा नाही. आचार्य अत्रे व वि. द. घाटे यांनी 'नवयुग वाचनमाला' काढली ती याच रखरखीतपणावरचा उतारा म्हणून. अत्रे पुण्याच्या कँप भागातील शाळेचे मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि 'झेंडूची फुले'मधील विडंबनांनी कवितेतील खोटे सूर कसे पकडावेत हे त्यांनी आधीच दाखविले होते. मुलाला कविता द्यायची ती त्याच्या जिभेची आणि त्याच्या खेळाची असावी, हा आग्रह त्या वाचनमालेने सरकारी चाकोरीबाहेर उभा केला.

शिकविण्याचा विषयच कवीची दिशा बदलतो, याचे ठळक उदाहरण माधव जूलियन यांचे. माधवराव पटवर्धन फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवीत, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. विद्यार्थ्यांना फारसी काव्य उलगडून सांगता सांगता त्या भाषेची वृत्ते, तिचे संकेत, तिची रुबाई आणि गझल त्यांच्या कानात घर करून राहिली. १९२५ साली त्यांचा 'फारसी-मराठी कोश' आला, मग उमर खय्यामच्या रुबायांचे अनुवाद, १९३३ साली 'गज्जलांजलि'. आणि वृत्तांच्या अभ्यासाचा 'छंदोरचना' हा ग्रंथ तर मराठीच्या विद्यार्थ्याला आजही चुकत नाही. कारकुनी कागदांतून फारसी शब्द मराठीत तीनशे वर्षे येतच होते, पण दफ्तरातली फारसी निराळी आणि दिवाणातली निराळी; ही दुसरी मराठी कवितेत रीतसर आली ती एका प्राध्यापकाच्या तासांतून.

इंदिरा संत यांच्यापाशी हा सगळा विचार थबकतो. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या शिकवीत होत्या, पुढे प्राचार्य झाल्या. म्हणजे ज्या तरुण-तरुणी उद्या गावोगाव शिक्षक होणार, त्यांच्या त्या शिक्षिका. १९४६ साली पती ना. मा. संत गेले, आणि 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' यांतून जी कविता आली ती इतकी आत वळलेली आहे की तिच्यात वर्गाचा आवाज चुकूनही ऐकू येत नाही. शिकवणे येथे कवितेच्या बाहेर राहिले काय? मला तसे म्हणवत नाही. त्या कवितेची भाषा घरगुती, स्त्रियांच्या बोलण्यातली, लहान ओळींची, आणि कोठेही न अडणारी आहे. दुःख गुंतागुंतीचे असूनही शब्द सोपा. दिवसभर दुसऱ्यांना समजावून सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या कवितेत समजावणे तेवढे वर्ज्य केले आणि स्पष्टता ठेवली, असे मी वाचतो. उपदेशाच्या सापळ्यातून सुटण्याची ही एक वाट आहे, आणि ती फार थोड्यांना सापडली.

विंदा करंदीकरांनी दुसरी वाट काढली. ते इंग्रजीचे प्राध्यापक. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र (१९५७), गटेचा 'फाउस्ट' (१९६५), 'राजा लिअर' (१९७४), ही त्यांची भाषांतरे पाहिली तर ती अभ्यासक्रमाच्या सावलीत वाढलेली दिसतात. पण दर वर्षी जे शिकवायचे ते एकदा तरी संपूर्ण मराठीत आणून पाहावे, ही जिद्द नोकरीच्या अटींत कोठे लिहिलेली नसते. एका बाजूने हे, आणि दुसऱ्या बाजूने 'राणीची बाग' (१९६१) सारख्या बालकविता, ज्यांत उपदेशाचा मागमूस नाही आणि प्राण्यांना मनसोक्त गंमत करण्याची मुभा आहे. १९८१ साली त्यांनी ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'ला आजच्या मराठीत आणले. त्यामागची निकड मला गागोद्याच्या त्या माउलीच्या प्रश्नाच्या जातीची वाटते: ग्रंथ आपला आहे, भाषा आपली आहे, आणि तरीही तो हाती धरला तर उमगत नाही, मग ज्याला उमगतो त्याने हे काम करावयाचे.

या कवींचा इतिहास आपण संग्रहांवरून लिहितो, आणि ते अपुरे आहे. कवीने दहा-पंधरा वर्षे कोणते वेचे शिकविले, कोणत्या इयत्तेला, त्याच्या हातातील प्रतीच्या समासात काय टिपलेले होते, शाळेच्या हस्तलिखित अंकात त्याने मुलांचे काय सुधारून दिले, हे कागद गावोगावच्या शाळांच्या दफ्तरांत पडलेले आहेत. रायगड जिल्ह्यातील जुन्या शाळांची कपाटे दर काही वर्षांनी नव्या इमारतीच्या निमित्ताने रिकामी होतात, आणि हजेरीपट, जुनी वाचनपुस्तके, पुठ्ठ्यात बांधलेली हस्तलिखिते रद्दीच्या भावाने जातात. दप्तरखान्यात मोडी कागद जपण्याची जी दक्षता आपण निदान तत्त्वतः मान्य केली आहे, तिची व्याप्ती शाळेच्या या कागदांपर्यंत नेली पाहिजे. तालुक्याच्या वाचनालयांनी एखादे कपाट त्यांच्यासाठी राखून ठेवावे, आणि सेवानिवृत्त शिक्षकांनी आपल्या जवळच्या वह्या तेथे द्याव्यात. पेण, रोहा, अलिबाग, महाड येथील वाचनालयांना हे काम आज सुरू करता येईल, कारण त्या वह्या लिहिणाऱ्यांपैकी काही जण अजून हयात आहेत, आणि समासातील कोणती खूण कशासाठी केली होती हे त्यांना विचारता येते.